कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये १९ हजार मराठी पुस्तकं चढवायची आहेत, अर्धी यादी जुन्या फॉन्टात. सुरुवात कुठून करावी?

ग्रंथपाल_तालुका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. दाखल नोंदवहीतला (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदतो ती वही) शेवटचा क्रमांक २२,३१८. खारीज झालेली आणि गहाळ धरून सोडलेली वजा जाता कपाटात साधारण १९ हजार पुस्तकं. सभासद ६४०. देवघेव अजून रजिस्टर आणि पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर.

९,४०० पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे, पण ती श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली. बाकीचं सगळं फक्त वहीत.

हाताशी एक विंडोजचा डेस्कटॉप (८ जीबी रॅम), एक जुना लॅपटॉप (४ जीबी, बॅटरी अजून तासभर टिकते) आणि बारकोडची एक यूएसबी गन. कार्यकारिणीने सॉफ्टवेअरला शून्य आणि बाकी खर्चाला ३० हजार मंजूर केलेत.

विचारायचं ते असं. कोहा घ्यावं की ई-ग्रंथालय? विंडोजवर चालेल का? श्रीलिपीतली यादी फेकून पुन्हा टाइप करायची की सुधारता येते? बारकोडसाठी नवा क्रमांक काढायचा की दाखल क्रमांकच चालेल? आणि अनामत, मासिक वर्गणी, दिवाळी अंक हे आपल्याकडचे प्रकार त्यात बसतात का?

--------

टर्मिनलवाला

आधी एक गल्लत दूर करू. ई-ग्रंथालय एनआयसीचं (केंद्र सरकारची संगणक संस्था) आहे, विनामूल्य आहे, पण त्याचा सोर्स कोड उघडा नाही. फुकट आणि मुक्त स्रोत या दोन वेगळ्या गोष्टी. कोहा जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली आहे. डेटाबेस तुमच्या मशिनवर राहतो, त्यातून हवी ती माहिती हवी तेव्हा काढता येते, आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरलं तर सगळ्या नोंदी मार्क स्वरूपात (ग्रंथालयांतल्या नोंदींचा प्रमाण साचा) उचलून नेता येतात. निवड करताना हा शेवटचा मुद्दा मी सगळ्यांत वर धरतो. (कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० ची तारीख पेलणार नव्हतं, म्हणून. ३ जानेवारी २००० ला ते वापरात आलं.)

कोहा विंडोजवर चालत नाही, त्याला लिनक्स लागतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) टाकून शिकायला हरकत नाही, रोजच्या देवघेवीला मात्र नको. वीज गेली की बाहेरचं विंडोज आणि आतलं लिनक्स एकदमच आडवे होतात आणि डेटाबेसच्या फाइली अर्धवट राहतात.

जुना लॅपटॉप सर्व्हर करा. बॅटरी तासभर टिकते म्हणजे यूपीएस घरचाच झाला. त्यात एसएसडी टाका आणि रॅम ८ जीबी करा. ४ जीबीवर कोहा सुरू होतो, पण मागे आयात चालू असताना काउंटरवर कुणी शोध घेतला की धाप लागते. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, ती सवय आधी मोडा: 'लॉगिनडी' च्या कॉन्फ फाइलीत 'हँडल लिड स्विच' ला 'इग्नोअर' द्या. विंडोजचा डेस्कटॉप काउंटरवर तसाच राहू दे, तिथे फक्त ब्राउझर लागतो.

लॅपटॉपवर डेबियन १२ हे लिनक्स टाका, ग्राफिकल डेस्कटॉप न घेता. पॅकेज कोहा समुदायाच्या भांडारातून (रिपॉझिटरीतून) घ्या. भांडाराच्या ओळीत 'स्टेबल' लिहू नका, आवृत्तीचा क्रमांक लिहा: २४.११. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. 'स्टेबल' लिहिलेलं असलं की एखाद्या दिवशी नेहमीचं अपडेट करताना आख्खी आवृत्तीच बदलते, आणि डेटाबेसची रचना एकदा पुढे गेली की मागे आणता येत नाही.

क्रम असा. आधी मारियाडीबी (डेटाबेस), मग कोहा-कॉमन (कोहाचं पॅकेज). 'कोहा-साइट्स' कॉन्फ फाइलीत कर्मचाऱ्यांच्या बाजूसाठी पोर्ट ८०८० लिहा आणि अपाचे या वेब सर्व्हरच्या पोर्ट्स फाइलीत 'लिसन ८०८०' ही ओळ वाढवा. ही ओळ हमखास विसरते. मग वाचकांचं पान उघडतं, कर्मचाऱ्यांचं उघडत नाही, आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. अपाचेचे रीराइट, सीजीआय, हेडर्स आणि प्रॉक्सी-एचटीटीपी हे चार मॉड्यूल चालू करा, मूळची डीफॉल्ट साइट बंद करा, म्हणजे नुसत्या आयपी पत्त्यावर कोहा उघडेल. मग 'कोहा-क्रिएट' ला 'क्रिएट-डीबी' जोडून इन्स्टन्स, म्हणजे तुमच्या वाचनालयाची मांडणी, तयार करा. त्याचं नाव लहान रोमन लिपीत, दहा अक्षरांच्या आत, एकच शब्द. पुढे बदलणं कटकटीचं आहे. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पक्का करून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की काउंटरवर 'साइट सापडत नाही'.

पहिल्यांदा ब्राउझरमधून मांडणी करताना मार्क-२१ निवडा. नमुन्याची ग्रंथालयं आणि नमुन्याचे सभासद यांवरची खूण काढा. ते नंतर निवडून पुसत बसावं लागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कोहाची रोजची कामं, म्हणजे बॅकअप, दंडाची आकारणी वगैरे, क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) चालतात आणि डेबियनमध्ये रोजच्या क्रॉनची वेळ पहाटे ६:२५ असते. वाचनालय रात्री बंद करताना सगळी बटणं खाली होतात. म्हणजे बॅकअप कधीच होत नाही, आणि हे कळतं ते बॅकअप लागेल त्या दिवशी. 'ॲनाक्रॉन' बसवा. मशिन चालू झालं की राहिलेली रोजची कामं ते उरकून घेतं. बॅकअप मुळात दोनच दिवसांचे ठेवले जातात, ते चौदा करा आणि आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून वाचनालयाबाहेर ठेवा. शिवाय महिन्यातून एकदा 'कोहा-रिस्टोअर' दुसऱ्या मशिनवर करून बघा.

--------

वेलांटी_उकार

श्रीलिपीची यादी फेकू नका, पण आहे तशी चढवूही नका. आधी खात्री करा: एक्सेलमधला मराठी मजकूर निवडून फॉन्ट मंगल करा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला तर ती मराठी नाहीच, मराठीचा मुखवटा घातलेली रोमन आहे. कोहा तो मुखवटा जपत नाही.

श्रीलिपीच्या प्रत्येक फॉन्टमालेची जुळणी वेगळी असते, म्हणून परिवर्तकाला (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम) नेमका फॉन्ट सांगा. परिवर्तनाआधी एक काम करा. एक्सेलमध्ये कोणत्या खान्याला कुठला फॉन्ट हे लक्षात असतं, सीएसव्ही केली की ते पुसलं जातं. त्यामुळे त्याच स्तंभातली इंग्रजी पुस्तकंही परिवर्तकातून जातात आणि चांगल्या इंग्रजी नावांची भलतीच देवनागरी होते. आधी भाषेचा एक स्तंभ करा, इंग्रजी ओळी वेगळ्या पत्रकात काढा, मग उरलेलं परिवर्तकाला द्या.

परिवर्तनानंतर पहिल्या २०० ओळी डोळ्यांनी वाचा. चुका ठरलेल्या ठिकाणी असतात. रफार एक अक्षर पुढेमागे सरकलेला, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटलेली, 'क्ष', 'श्र', 'त्र' तुटलेले. एकच चूक शंभर ठिकाणी असते, म्हणून हाताने दुरुस्त करू नका, शोधा-आणि-बदला वापरा.

इथवर सगळे करतात. खरा घोळ पुढे आहे, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही.

'तऱ्हा', 'वारकऱ्यांचा', 'दऱ्या' यांतला तो आडवा र दोन प्रकारे साठवलेला असतो. एक, नुक्त्याचा ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून ऱ येतो तो पहिला प्रकार. परिवर्तक आणि काही कळफलक दुसरा प्रकार देतात. यादीत एक आणि शोधणाऱ्याच्या बोटात दुसरा, की पुस्तक कपाटात असून सापडत नाही.

'ॲ' चं तर तिहेरी आहे. ॲ हे एकच अक्षर (यू+०९७२), अ वर वेगळा चंद्र (यू+०९०५ आणि ०९४५), आणि हिंदी कळफलकावरून येणारा ऍ (यू+०९०डी). 'ॲलर्जी' तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडेल. युनिकोडच्या नियमानुसार ही तिन्ही समान धरली जात नाहीत, त्यामुळे नॉर्मलायझेशनही इथे मदतीला येत नाही.

उपाय लिबरऑफिस कॅल्कमध्ये आहे. शोधा-आणि-बदला, रेग्युलर एक्स्प्रेशन चालू. क्रम पाळा. आधी 'र, हलन्त, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त'. तिन्ही 'ॲ' एका यू+०९७२ वर आणा. त्यानंतरच उरलेले सगळे जोडक (२००डी) आणि अजोडक (२००सी) पुसा. उलट क्रमाने केलंत तर र आणि हलन्त उरतात आणि 'तऱ्हा' ची 'तर्हा' होते, रफार ह च्या डोक्यावर. मग कुठला रफार खरा आणि कुठला असा झालेला, हे शोधायला पुन्हा वहीच उघडावी लागते.

आणखी दोन ठिकाणं बघा. शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप झालेला असतो: 'इतिहासः' असा. दिसायला सारखंच, पण शब्द बदलला. दुसरं, अंक. वर्ष, किंमत आणि दाखल क्रमांक यांत देवनागरी अंक नकोत, इंग्रजी अंक करून घ्या. शीर्षकातले अंक छापलेत तसे राहू द्या.

लेखकांच्या नावांसाठी ओपनरिफाइन वापरा, तेही मुक्त स्रोत आहे. 'वि. वा. शिरवाडकर', 'वि.वा.शिरवाडकर', 'शिरवाडकर वि वा' ही एकाच माणसाची रूपं. क्लस्टरिंगमध्ये (सारखी रूपं गटात आणण्याची सोय) उच्चारावर चालणाऱ्या पद्धती इंग्रजीसारख्या भाषांच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत, त्या सोडा. शेजार-पद्धत आणि लेव्हेनश्टाइन अंतर (दोन रूपांत किती अक्षरांचा फरक, ते मोजणारं) घ्या. मात्र 'सगळे एकत्र करा' दाबू नका. मराठीत एका मात्रेने माणूस बदलतो.

--------

दाखल_खारीज

दाखल क्रमांकच बारकोड करा. दोन क्रमांक ठेवले की वार्षिक पडताळणीला प्रत्येक पुस्तक दोनदा शोधावं लागतं. फक्त सहा आकडी करा: ४७ नाही, ०००४७. चुकलो, ००००४७. हीच चूक एक्सेल न विचारता करतं, पुढची शून्यं खातं. म्हणून तो स्तंभ आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

कोहात पुस्तकाची नोंद आणि प्रतीची नोंद वेगळी. मार्कमध्ये प्रत्येक माहितीच्या क्षेत्राला क्रमांक आणि उपक्षेत्राला अक्षर असतं. नोंदीत शीर्षक २४५, लेखक १००, आवृत्ती २५०, प्रकाशन २६०, पृष्ठं ३००, विषय ६५०, आयटम प्रकार ९४२ च्या सी मध्ये. प्रत सगळी ९५२ मध्ये: पी म्हणजे बारकोड, आय म्हणजे दाखल क्रमांक (पी मधलाच आकडा इथे पुन्हा), ओ म्हणजे कपाटातला क्रमांक, डी दाखल तारीख, ई कोणाकडून घेतलं, जी किंमत, ए आणि बी ग्रंथालयाचा संकेत, वाय आयटम प्रकार. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. ८/५/२०११ लिहिलंत तर मे की ऑगस्ट हा वाद नंतर कुणी मिटवू शकत नाही. संकेत रोमन मोठ्या लिपीत, १० अक्षरांच्या आत. त्याचं वर्णन खुशाल मराठीत लिहा, पडद्यावर वर्णनच दिसतं.

पत्रकाचं मार्क करायला मार्कएडिट सोयीचं पडतं. (फुकट आहे, मुक्त स्रोत नाही. कुणी तत्त्वाचा प्रश्न केला तर पायथनचं पायमार्क आहे.) टॅबने तोडलेली, यूटीएफ-८ मधली फाइल द्या. स्वल्पविरामाने तोडलेली नको, कारण लेखकाच्या नावातच स्वल्पविराम असतो. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, म्हणून तीही लिबरऑफिसमधून काढा. मार्कएडिटमध्ये ९५२ चे सगळे खाने निवडून 'जॉइन आयटम्स' करायचं. ते राहिलं तर प्रत्येक खान्याचं स्वतंत्र ९५२ होतं आणि एका पुस्तकाच्या नऊ प्रती दिसतात, एकीला फक्त किंमत, एकीला फक्त तारीख.

चढवण्याआधी दोन गोष्टी पाहा. लीडरच्या (नोंदीच्या सुरुवातीचा संकेत) ९ व्या स्थानी 'ए' हवं. ते रिकामं असेल तर कोहा मजकूर जुन्या मार्क-८ संकेतातला समजतं आणि मराठीचा चुरा होतो. दुसरं, ००८ मध्ये ३५ ते ३७ या स्थानी भाषेचा संकेत: मराठीला 'एमएआर'. तिथे इंग्रजीचा संकेत राहून गेला तर भाषेनुसार गाळणी लावल्यावर वाचनालयात एकही मराठी पुस्तक नाही असं दिसतं.

पहिली खेप ५० पुस्तकांची. नंतर ५००-५०० च्या. 'स्टेज्ड' (पक्क्या चढवण्याआधी तपासायला ठेवलेल्या) नोंदींच्या पानावर आयात मागे घेण्याची सोय आहे, पण पाच हजारांची खेप मागे घेताना काउंटर बंद ठेवावा लागतो.

लोकांना वाटतं झेड३९.५० ने (दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी मागवण्याची सोय) बाहेरून नोंदी ओढल्या की टायपिंग वाचेल. इंग्रजी पुस्तकांना हो. मराठी पुस्तकांच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी रोमन लिप्यंतरात असतात, आणि आपल्या जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. वहीतली उरलेली दहा हजार हातानेच करायची आहेत, हे कार्यकारिणीला आजच सांगून ठेवा.

वर्गीकरण कोहासाठी बदलू नका. कपाटं विषयवार 'कादं-३१२' अशी लावलेली असतील तर तेच ओ मध्ये लिहा आणि वर्गीकरणाचा स्रोत 'इतर' ठेवा. ड्युई (दशांश वर्गीकरण) ठेवलंत तर कोहा त्या मजकुरातून दशांश शोधायला जातं आणि कपाट-यादीचा क्रम विस्कटतो. ८९१.४६ वगैरे आकडे आधीपासून असतील तरच ड्युई.

बारकोडची पट्टी: ए-४ ला ६५ येतात त्या कागदावर एक लेबल ३८.१ गुणिले २१.२ मिलिमीटर. त्यावर कोड-३९ या बारकोडच्या प्रकारात सहा आकडे बसवले तर ०.२५ मिमीच्या बारीक रेघेनेही दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह ३७ मिमी लागतात. प्रिंटर अर्धा मिलिमीटर सरकला की गन वाचत नाही. कोड-१२८ ला सहा आकड्यांसाठी ६८ मात्रा (एक मात्रा म्हणजे बारीक रेघेची रुंदी) पुरतात, ०.३३ च्या जाड रेघेनेही सगळं २९ मिमीत बसतं. म्हणून कोड-१२८. कोहातल्या लेबलच्या सोयीपेक्षा जीलेबल्स वापरा: सीएसव्हीवरून छापतं, कोड-१२८ देतं, आणि वाचनालयाचं नाव देवनागरीत नीट जुळवतं. छापताना 'पानात बसवा' बंद, मोजमाप १०० टक्के. नाहीतर पहिली रांग बरोबर आणि तेरावी लेबलाबाहेर. वरून चकचकीत टेप लावू नका, गनचा उजेड परत फिरतो.

--------

कपाट_नं_७

थोडं विरुद्ध मत. सगळं संगणकावर आल्यावर देवघेव सुरू करू, असं ठरवलंत तर दोन वर्षं लागतील आणि मधेच उत्साह संपेल. १९ हजारांतली खरोखर फिरणारी पुस्तकं किती, ते तारखेच्या चिठ्ठीवर दिसतं. गेल्या तीन वर्षांत शिक्का पडलेली आधी घ्या. बाकीची परत येतील तशी काउंटरवरच नोंदवा. कोहात त्यासाठी 'फास्ट कॅटलॉगिंग' आहे: शीर्षक, लेखक, बारकोड एवढ्यावर पुस्तक देता येतं आणि नोंद नंतर पुरी करता येते.

आणि ज्यांच्याकडे लिनक्सला हात लावणारं कुणीच नाही, दोन-तीन हजारच पुस्तकं आहेत, त्यांनी इंडोनेशियाचं स्लिम्स बघावं. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, विंडोजवरही बसतं. तेही जीपीएल.

--------

ग्रंथपाल_तालुका

खूप आभार. लॅपटॉपवर २४.११ बसवलं, यादी साफ केली, ५० नोंदींची फाइल तयार केली. तीन अडचणी आल्या.

एक, फाइल स्टेज करायला दिली तर काम 'न्यू' वरच अडकून राहिलं, टक्केवारी हलत नाही. दोन, 'कोहा-रिबिल्ड-झेब्रा' चालवूनही मराठी शब्द नीट सापडत नाहीत, इंग्रजी सापडतात. तीन, गनने बारकोड वाचला की कधी बरोबर येतो, कधी 'अशी प्रत नाही'.

--------

टर्मिनलवाला

पहिलं: आयात आता पार्श्वभूमीत रांगेत जाते. रांगा दोन आहेत, साधी आणि 'लाँग टास्क्स'. स्टेजिंग दुसरीत जातं. 'कोहा-वर्कर' ला रांगेचं नाव देऊन 'स्टेटस' विचारा, थांबलेला असेल तर सुरू करा. वर्कर चालू असूनही हलत नसेल तर रॅबिटएमक्यू (रांगा सांभाळणारा प्रोग्राम) चालू आहे का बघा.

तिसरं: गन म्हणजे संगणकाच्या लेखी साधा कळफलकच. काउंटरवर मराठी कळफलक निवडलेला राहिला की गनने धाडलेले आकडे देवनागरी उमटतात, आणि 47 व ४७ आपल्याला एकच वाटले तरी डेटाबेसला वेगळे. खात्री करायची तर नोटपॅड उघडून दोन्ही कळफलकांवर एकच पट्टी वाचा. देवघेवीच्या ब्राउझरवर इंग्रजी कळफलक कायम, मराठी फक्त नोंदी करताना.

--------

वेलांटी_उकार

दुसरं: झेब्रा (कोहाचं शोधयंत्र) मूळ मांडणीत 'सीएचआर' नकाशावर अनुक्रमणिका करतं आणि त्यात देवनागरी धरलेली नाही. त्याला आयसीयू (युनिकोड जाणणारी पद्धत) वर आणा. 'झेब्राडीबी' च्या 'इटीसी' फोल्डरमधली 'डीफॉल्ट.आयडीएक्स' उघडा. 'चारमॅप' च्या ओळींपुढे # लावा, 'आयसीयूचेन' च्या ओळींपुढचा # काढा. शब्दांच्या विभागात आणि वाक्यांशांच्या विभागात दोन्हीकडे. फक्त एकीकडे केलं की शीर्षकातला शब्द सापडतो, पूर्ण शीर्षक सापडत नाही. मग 'यूज आयसीयू स्टाइल कोट्स' ही सिस्टम प्रेफरन्स चालू करा, झेब्रा पुन्हा सुरू करा आणि पूर्ण अनुक्रमणिका 'एफ' पर्यायासह नव्याने बांधा. 'एफ' नसेल तर जुनी तशीच राहते.

मग लगेच एक चाचणी. 'कुळ' शोधा. 'कळ' असलेली पुस्तकं आली तर आयसीयूच्या एक्सएमएल फाइलीत मात्रा गाळणारा नियम आहे. युरोपीय भाषांतल्या स्वरचिन्हांसाठी लोक तिथे 'नॉनस्पेसिंग मार्क' पुसण्याचा नियम घालतात. आपले उकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या लेखी त्याच वर्गात मोडतात. काना आणि वेलांटी मोडत नाहीत. म्हणून शोध अर्धवट बिघडतो, आणि 'काल' नीट चालतं म्हणून कुणाला संशय येत नाही. तो नियम काढा, पुन्हा बांधा.

जुन्या शुद्धलेखनाचंही आत्ताच ठरवून घ्या. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार असतात. २४५ मध्ये छापलंय तसंच लिहा, आणि आजचं रूप २४६ मध्ये घाला. दोन्ही शोधात येतात. टोपणनावांना अधिकृत नोंद करा: १०० मध्ये 'कुसुमाग्रज', ४०० मध्ये 'शिरवाडकर, वि. वा.'. नेमकं उलट केलंत तरी चालेल, पण सगळीकडे एकच.

--------

दाखल_खारीज

अनामत, वर्गणी, दिवाळी अंक राहिले होते.

अनामत सभासदाच्या खात्यात जमा म्हणून टाकू नका. आपोआप वळती करण्याची प्रेफरन्स चालू असेल तर पहिला दंड लागला की कोहा तो अनामतीतून वळता करतं, आणि सभासद सोडून जाताना ५०० च्या जागी ४६३ उरतात. अनामतीची रक्कम आणि पावती क्रमांक सभासदाच्या वाढीव गुणधर्मांत ठेवा. ती परत करायची रक्कम आहे, देणं-घेणं नव्हे.

मासिक वर्गणीला 'वर्गणी' नावाचा स्वतंत्र आकारणी प्रकार करा, म्हणजे दंड आणि वर्गणी अहवालात वेगळी निघतात. 'नो इश्यूज चार्ज' मध्ये तीन महिन्यांच्या वर्गणीएवढी रक्कम घाला. त्यापुढे थकबाकी गेली की पुस्तक देताना कोहाच अडवतं, काउंटरवरच्या माणसाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

दिवाळी अंक नियतकालिकांच्या मॉड्यूलमध्ये घालू नका. तो भाग दर महिन्याला अपेक्षित अंक कुठला, याचा हिशेब ठेवण्यासाठी आहे. प्रत्येक अंकाची वर्षासह स्वतंत्र नोंद करा, आयटम प्रकार 'दिवाळी अंक', क्रमांकाची मालिका वेगळी. देवघेवीच्या नियमात त्या प्रकाराला चार दिवस, एका वेळी एक, मुदतवाढ शून्य. हंगाम संपला की बॅचने सगळ्यांची मुदत एकदम बदलता येते.

आणि तपासणीला दाखल नोंदवही छापील लागते, त्याचा अहवाल आत्ताच लिहून ठेवा. आयटम्स, बिब्लिओ आणि बिब्लिओआयटम्स ही तीन कोष्टकं जोडायची. दाखल क्रमांक 'स्टॉकनंबर' मध्ये मिळेल, किंमत 'प्राइस' मध्ये. प्रकाशन वर्ष 'पब्लिकेशन इयर' मध्ये शोधाल तर रिकामं येईल. मार्क-२१ मध्ये ते 'कॉपीराइट डेट' मध्ये जातं. क्रम लावताना स्टॉकनंबर मजकूर म्हणून साठवलेला असतो हे लक्षात ठेवा. सहा आकडी केलं नसेल तर १ नंतर १०, १००, १००० आणि मग २ येतं. खारीज पुस्तकं अहवालातून गाळू नका. कोहात ती प्रत पुसायची नाही, ९५२ च्या ० उपक्षेत्रात 'खारीज' करायची आणि शेऱ्यात ठराव क्रमांक घालायचा. प्रत पुसली तर अहवालात तो क्रमांकच येत नाही, आणि तपासणी त्या गाळलेल्या क्रमांकावर थांबते.